आमेन राहिलंय

सोलापूर
५ फेब्रुवारी २०२५

शांतवन,

सलाम. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटात घालून परत पाठव. पत्राची सुरुवात सलामाने करायची, हे आईने शिकवलं होतं. नऊ वर्षं न बोललेल्या सख्ख्या भावाला पुढे काय लिहायचं, ते मात्र शिकवायचं राहिलं.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर माझ्या मेसेजपुढे कायम एकच टिक असते. त्याचा अर्थ काय, ते आमच्या शाळेच्या शिपायाने मला फार हळुवारपणे समजावून सांगितलं. म्हणून हे पत्र. पत्ता रशीदाने मिळवून दिला. शेजारची रशीदा, आईबरोबर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती ती. तिचा आतिफ टेम्पोत टॉवेलचे गठ्ठे घालून अकलूजला येतो. त्याने तुला साखर कारखान्याच्या गेटवर पाहिलं. तुझा हात धरून सात-आठ वर्षांची मुलगी चालत होती म्हणे. मला भाची आहे हे मला टेम्पोवाल्याकडून कळलं. चिडायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, ते इथवरच टिकलं.

आई ठीक आहे. अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. कान मात्र गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटाला लागून बसली, त्याचं हे बक्षीस. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळतं, त्यामुळे तिच्यासमोर पुटपुटायची सोय नाही. मी तिला नवी पेठेतून कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते जानेवारीत बिघडलं. दुकानदार रोज 'उद्या या' म्हणतो.

तू एकदा येऊन जावंस, एवढंच लिहायला बसले होते. पण तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, आणि ते टाळून लिहिलं तर तू हे पत्र अर्ध्यात ठेवशील. तेव्हा यादीबद्दल लिहिते. तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात तिच्यातली शेवटची एकच ओळ राहिली असेल.

प्रभूची प्रार्थना आई पुस्तकी मराठीत म्हणायची, एक अक्षर न चुकता. 'आम्हाला वाइटापासून सोडव' आलं की थांबायची, आणि तिथून घरची मराठी सुरू व्हायची. 'डेंगीपास्नं सोडव. नळावरच्या भांडणापास्नं सोडव. शंत्याला नाक्यावरच्या पोरांपास्नं सोडव, एस्तेरला तिच्या तोंडापास्नं सोडव.' वाईट म्हणजे काय ते देवाला मोघम सांगायचं नाही, असं तिचं मत. 'डाक्टरला नुसतं दुखतंय म्हनून चालतंय व्हय? कुटं दुखतंय ते सांगाया नगं?' चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा समजावलं होतं की मूळ शब्दाचा अर्थ 'तो दुष्ट', म्हणजे सैतान, असाही होतो. आई त्यांना म्हणाली, 'सैतानाला आमच्या गल्लीत यायला सवड कुटली? तेचं काम आमीच करतो की.' पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि निघाले.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती बसायच्या ते तू पाहिलंयस. बसम्मा म्हणायची, 'अक्का, आज आमचंबी घाला की,' आणि नवऱ्याच्या दारूचं नाव यादीत जायचं. पाच वेळा नमाज पढणारी रशीदा म्हणायची, 'आतिफची फटफटी घाला. माझ्या दुव्यात मी मागतेच, तुमच्या यादीतबी असू द्या.' संध्याकाळी आपल्या खोलीत एकेकीचं नाव घेऊन एकेक भीती देवापुढे मांडली जायची. मी सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात अर्ज वाचते आहे. इतका नेमका अर्ज मी पाहिलेला नाही.

आणि तू, चौथीच्या स्कॉलरशिपच्या आदल्या दिवशी, 'आम्हाला परीक्षेत आणू नको' या ओळीवर हट्ट धरून बसला होतास की देवानेच सांगितलंय, मी पेपरला जाणार नाही. आईने तुला कान धरून शाळेत पोचवलं आणि त्या संध्याकाळी यादीत घातलं, 'शंत्याला तेच्या हुशारीपास्नं सोडव.' आपण सगळे हसलो होतो.

मग ते मे महिन्यातलं. तू वैजयंतीला घेऊन आलास. 'ही वैजयंती, आम्ही लग्न करणार आहोत,' एवढंच म्हणालास. तिने चहा घेतला. आम्ही प्रार्थनेला बसलो तर आमचं बघून तिनेही डोक्यावर पदर घेतला. आई त्या ओळीपाशी आली, थांबली, आणि म्हणाली, 'आमास्नी ह्या वैजयंतीपास्नं सोडव.'

आमेन म्हटलं गेलं. तू उठलास, चपला घातल्यास आणि तिला घेऊन गेलास.

ते आमेन माझं होतं, हे तुला आठवतच असेल. सवयीने तोंडून गेलं. रोज मीच म्हणायचे ना.

ये एकदा.

एस्तेरताई


सोलापूर
१९ फेब्रुवारी २०२५

शांतवन,

आज शिवजयंतीची सुट्टी आहे म्हणून निवांत लिहिते आहे. पत्र पोचल्याचा पोस्टाचा मेसेज आला. उत्तर तुझ्याकडून आलं नाही. ठीक आहे. हट्टाच्या बाबतीत तू आईचाच मुलगा आहेस हे सिद्ध झालं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. माझी खात्री होत नव्हती. आता झाली आहे.

तू गेलास त्या दिवसापासून आईने यादी मोठ्याने म्हणणं बंद केलं. 'वाइटापासून सोडव' म्हणायची, थांबायची, ओठ हलायचे, आवाज नसायचा. मग पुढची ओळ. मला वाटायचं, ती अजून त्याच पोरीचं नाव घेते आहे आणि माझ्यासमोर घ्यायची लाज वाटते म्हणून मनात घेते. मी कधी विचारलं नाही. खरं सांगते, मला तिचा राग होता. मुलगा गेला, सून गेली, तरी बाईची खोड गेली नाही, असं मनात म्हणत मी नऊ वर्षं तिच्याशेजारी हात जोडून बसले.

जानेवारीत मशीन दुरुस्तीला गेलं. मशीनशिवाय तिला स्वतःचाही आवाज कळत नाही. तिला वाटतं आपण मनात म्हणतोय, आणि सगळं स्वच्छ बाहेर येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसले.

'माज्या शांतवनला सलोमीपास्नं सोडव. वैजयंतीला सलोमीपास्नं सोडव. एस्तेरला सलोमीपास्नं सोडव.'

सलोमी म्हणजे ती स्वतः, शांतवन. दुसऱ्या कुठल्या सलोमीला आपण ओळखत नाही. बसम्माला दारूपासून सोडव म्हणायची, त्याच सुरात. रडणं नाही, ऊर बडवणं नाही.

गेल्या रविवारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले, ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हटलं, "आई, तू यादी मनात म्हणत नाहीस. मोठ्याने म्हणतेस. मी रोज ऐकतेय."

तिने पदराचं टोक तोंडावर धरलं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"मंजे आता देवालाबी नीट ऐकाया येत असंल," म्हणाली.

"पण तुझं नाव का?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "तवा मी वाइटाच्या जागी मान्साचं नाव घातलं. ती पोर माज्या दारात आली, माजा चा पिली, माज्या देवापुडं डोईवर पदर घिऊन बसली. वाईट तिनं काय केलं? ज्यानं केलं तेचं नाव घालाया नगं? देवाला खोटा पत्ता दिला हुता, तो बदलून दिला."

मी म्हटलं, "मग बोलावूया शंतूला. तूच सांग त्याला हे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काही कळतच नाही. "कशाला? तो येत न्हाय मंजे देवानं माजं ऐकलं की. सुटलाय तो माज्यापास्नं. रोज मागायचं सोडव म्हनून आनि मागल्या दारानं मीच बोलवायचं व्हय? देवाला काय खुळा समजतीस?"

"तुला त्याला बघावंसं वाटत नाही?"

"लई वाटतं," म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "मी मेल्यावर सांग तेला. आदी न्हाय. तवर सुटलेला ऱ्हाऊ दे."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा ते तू सांग. तू रागावून येत नाहीस, आणि तुझ्या न येण्याला ती प्रार्थनेचं उत्तर समजते. तिला तू हवा आहेस, आणि म्हणूनच ती तुला बोलावणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्या मंडळीत आपल्या चुका दुसऱ्याच्या नावावर घालायची जी रीत मी बघत आले, ती हिने उलटी केली आणि कुणाला कळूही दिलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो. हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

मेल्यावर सांग म्हणाली होती. मी तिचं ऐकलं नाही. आता ते तुझ्या हातात आहे.

एस्तेरताई


सोलापूर
९ मार्च २०२५

शांतवन,

दुसऱ्याही पत्राचं उत्तर नाही. मी पण विचार केला, का द्यावं त्याने? पत्रात आईचं सगळं लिहिलं, स्वतःचं एका ओळीत उरकलं. सवयीने तोंडून गेलं म्हणे.

सवयीने गेलं नव्हतं.

प्रभुलिंग तुला आठवत असेल. आमच्या ऑफिसातला, तुला क्रिकेटची बॅट आणून देणारा. तो मला विचारून दोन वर्षं थांबला होता. मी आईला कधी सांगितलंच नाही. लिंगायताचा मुलगा, घरात काय होईल, तुझं शिक्षण अर्धवट, अशी दहा कारणं मी मनातच मांडली आणि मनातच त्याला नाही म्हटलं. त्याने लग्न केलं, बदली घेतली. आणि मग एके दिवशी तू सरळ दार उघडून वैजयंतीला आत घेऊन आलास. भीती नाही, चोरी नाही, कारणं नाहीत. तिने इतक्या सहज पदर घेतला. मला वाटलं, हे इतकं सोपं होतं? मग मी काय केलं?

आई ते बोलली तेव्हा मी गप्प राहिले असते तर कदाचित आईच सावरली असती. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते, मी बघितलं होतं. त्याआधी मी आमेन म्हटलं. स्वच्छ, मोठ्याने. मला हेवा वाटला होता, शांतवन. त्या ओळीवर शिक्का मी मारला, आणि नऊ वर्षं सगळं आईच्या अंगावर राहू दिलं.

हे लिहिण्याआधी मी आईला सांगितलं. दुपारी, तिच्यासमोर बसून, ओठ दिसतील अशी. प्रभुलिंगाचंही सांगितलं.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"आमेनचं. तुजं रोजचं आमेन झोपाळलेलं असतंय. त्या दिवशीचं जागं हुतं." मग माझा हात हातात घेतला. तिचे तळवे अजून सुताने खरखरीत आहेत. "पर आमेन तर कुनीबी म्हनतं. प्रार्थना माजी हुती. प्रभुलिंगाचं मातर सांगायचं हुतंस. मी तवा काय बोलले असते देव जाने, पर सांगायचं हुतंस."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिने कधी, रागाच्या भरातसुद्धा, 'तूच आमेन म्हणालीस' असं मला म्हटलं नाही. त्या संध्याकाळी यादीत 'एस्तेरला सलोमीपास्नं सोडव' आलं तेव्हा माझ्याने बसवेना.

मला तुझी क्षमा हवी आहे. तिला नको असेल, ती म्हणते तू सुटला आहेस. मी सुटलेली नाही.

ताई


सोलापूर
३१ मार्च २०२५

शांतवन,

काल पाडव्याला दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. मी उघडलं तर वैजयंती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मुलगी. एसटीने आल्या होत्या, घामाघूम.

"मी पत्रं वाचली, ताई," दारातच म्हणाली. "त्यांनी पयलं वाचून कपाटावर ठिवलं. दुसरी दोन उघडलीच न्हाईत. मी उघडली. त्यांना म्हनले, मी चालले सोलापूरला. तर म्हनले, तुला जायाचं तर जा, मी येनार न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "एसटीत बसवून मातर दिलं त्यांनीच. आनि गाठी घिऊन दिल्या."

साखरेच्या गाठी अजून पिशवीतच होत्या. तूच घेतल्यास हे मी आईला आधी सांगितलं, बाकीचं नंतर.

आई आतून आली. वैजयंतीला तिने लगेच ओळखलं. दारातून बाजूला झाली आणि आतल्या बाजूला हात केला. तुझ्या मुक्ताने मला विचारलं, "ह्या आजीला ऐकू येत न्हाय ना? मग मी लिहून दाखवू?" आणि वहीचं पान फाडून त्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून आईच्या हातात दिलं. आईने ते पान चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे.

संध्याकाळ झाली तशी आई अस्वस्थ झाली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आज प्रार्थना नगं. तिच्यासमोर कुटल्या तोंडानं बसू?" वैजयंती मागेच उभी होती. आईसमोर येऊन म्हणाली, "आई, मी प्रार्थनेलाच आलेय."

बसलो. वैजयंतीने पदर घेतला. मुक्ताने हात जोडले आणि आईबरोबर म्हणायला लागली, न अडखळता, पूर्ण. मी चकित होऊन बघत राहिले. वैजयंती माझ्या कानाशी म्हणाली, "घरी हे रोज म्हनत्यात. मी आडवत न्हाय, मलाबी पाठ झालंय. पर वाइटापासून सोडव आलं की हे थांबत्यात. कायच म्हनत न्हाईत. नुसतं थांबत्यात, मग पुडं जात्यात."

शांतवन, तू अजून तिथे थांबतोस.

आई त्या ओळीपाशी आली. मुक्ताही थांबली. तिला वाटलं सगळ्यांच्याच घरी इथे थांबतात. आणि आई, डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जातं हे ठाऊक असून, मोठ्याने म्हणाली, "माज्या शांतवनला सलोमीपास्नं सोडव. वैजयंतीला सलोमीपास्नं सोडव."

वैजयंतीने ते पत्रात वाचलं होतं. तरी ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. ती सरकत आईजवळ गेली, तिच्या डाव्या, जरा बऱ्या कानाला तोंड लावलं, आणि म्हणाली, "आई, पास्नं न्हाय. पाशी."

"काय?" आईने डोळे उघडले नाहीत.

"पाशी म्हना. सलोमीपाशी."

"कशापाशी?"

"सलोमीपाशी. आमास्नी सलोमीपाशी आन, असं म्हना देवाला. पास्नं सोडव लई वरसं झालं. आता पाशी आन म्हना."

आईच्या हातात वैजयंतीचा हात होता. मुक्ता माझ्याकडे बघून खुणेने विचारत होती, संपलं का? मग आई म्हणाली, पुस्तकी नाही आणि घाईची नाही, एकेक शब्द पारखून घ्यावा तशी, "माज्या शांतवनला... सलोमीपाशी आन."

पुढची ओळ म्हटली. शेवट आला.

आईला ऐकू येत नाही म्हणून आम्ही एक रीत ठेवली आहे. मी आमेन म्हटलं की तिच्या गुडघ्यावर थाप देते, मग ती डोळे उघडते. मी थाप दिली नाही. ती वाट बघत राहिली. मग एक डोळा किलकिला करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आमेन न्हाय म्हटलंस व्हय?"

"नाही."

"का गं?"

"त्या दिवशी माझं नसलेलं आमेन मी म्हटलं. हे ज्याचं आहे तो येऊन म्हणेल."

आईने विचार केला. मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, "मंजे प्रार्थना चालूच हाय म्हन की," आणि चहा टाकायला गेली.

तेव्हापासून आमच्याकडे प्रार्थना चालू आहे. आज सकाळी रशीदाने ईदचा शिरखुर्मा आणला, तो आम्ही प्रार्थनेतच खाल्ला. तिला सगळं सांगितलं, तर भांडं तिथेच ठेवून म्हणाली, "शंतूला ठेवा थोडा." आई आता भाकऱ्या थापते आहे. मुक्ता तिच्याशेजारी बसून गाठी खाते आहे आणि मधून मधून कागदावर लिहून प्रश्न विचारते आहे. वैजयंती म्हणते, तू आल्याशिवाय ती निघणार नाही. हे पत्र आतिफ टेम्पोतून घेऊन येतोय, तुझ्या हातातच देणार आहे. परतीला टेम्पो रिकामा असतो.

दुपारी मी नवी पेठेत जाऊन मशीन आणलं, अखेर दुरुस्त झालं. आईला म्हटलं, डाव्या कानात घाल, तो जरा बरा आहे. तिने ऐकलं नाही. चुलीपुढे बसली की तिचा उजवा कान दाराकडे असतो. मशीन तिने त्या कानात घातलं आहे.

ताई